सेकंड हँड गाडी घेतलीय? मग चेसिस नंबर एकदा तपासाच

पेण-रोह्यात आपल्या बऱ्याच घरांपुढे उभी असलेली गाडी मुंबईकडून घेतलेली सेकंड हँड असते. आखातातून पैसे येतात, भाऊ गाडी बघून आणतो आणि मग दवाखाना, निकाह, मय्यत, सगळीकडे तीच धावते. घेताना आपण टायर बघतो, कागद बघतो. पण या गाडीचा कंपनीने रिकॉल काढला होता का, हे सहसा कुणी विचारत नाही.

रिकॉल म्हणजे काय? कारखान्यातूनच एखादा भाग सदोष आल्याचं कळलं, की कंपनी त्या काळात बनलेल्या गाड्या परत बोलावते, तपासते आणि गरज असेल तर भाग फुकट बदलून देते. गाडी जप्त होत नाही, काम झालं की घरी येते.

एक उदाहरण बघू. सप्टेंबर 2021 मध्ये मारुती सुझुकीने 1,81,754 पेट्रोल गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. अर्टिगा, सियाझ, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल6 या त्या गाड्या, 4 मे 2018 ते 27 ऑक्टोबर 2020 या काळात बनलेल्या. तपासायचा भाग होता मोटर जनरेटर युनिट. हा भाग इंजिनाला पट्ट्याने जोडलेला असतो. तो इंजिन सुरू करायला मदत करतो आणि गाडी चालताना वीज तयार करून बॅटरी भरतो. काम होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असं कंपनीने सांगितलं होतं.

आता आपल्याकडचा पावसाळा आठवा. रोह्यात कुंडलिका फुगते, पेणमध्ये भोगावती. रस्त्यावर पाणी असताना गाडी काढावीच लागते. म्हणून ही सूचना आपल्यासाठी जास्त महत्त्वाची.

त्याआधी जुलै 2020 मध्ये याच कंपनीने वॅगनआर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या होत्या.

अडचण अशी, की कंपनीचा फोन किंवा पत्र बहुतेक वेळा पहिल्या मालकाकडे जातं. गाडी तीन हात फिरून रोह्याला आली, तरी निरोप मुंबईतच राहतो. पण रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नाही.

मग करायचं काय? आरसीवर 17 अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाका, किंवा आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि विचारा, "या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे का?" ओळखीच्या गॅरेजमध्ये पैसे देऊन तोच भाग बदलण्याआधी हे विचारा. काम झालं की त्याचा कागद मागून घ्या.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आलं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश आता सरकार कंपनीला देऊ शकतं. 1 एप्रिल 2021 पासूनच्या नियमांत 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

घरातल्या बुजुर्गांना वेबसाइट जमत नसेल, तर मोहल्ल्यातल्या पोरांनी त्यांचे नंबर तपासून द्यावेत. पाच मिनिटांचं काम आहे. पाऊस सुरू होण्याआधी उरकून घ्या.