स्वस्त संगणकाची खरी किंमत

दुकानातील दर आणि वस्तूची खरी किंमत या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सोलापूरकरांस निराळे सांगावयास नको. चादर फार स्वस्त विकावयाची झाली की सूत हलके येते, वीण विरळ होते आणि रंग पहिल्याच धुण्यात उतरतो. शाळांसाठी संगणक घेण्याचा प्रश्न निघाला की मात्र हा हिशोब आपण विसरतो आणि सर्वांत कमी दराची निविदा म्हणजेच सर्वांत शहाणा व्यवहार, असे समजून चालतो. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

संगणक जुळविणाऱ्या कारखानदाराच्या पदरी पडते तरी काय? किमतीचा मोठा वाटा प्रोसेसर, मेमरी, पडदा आणि आज्ञावली यांतच जातो व त्या बनविणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. प्रोसेसर बनविणाऱ्या इंटेलचा ढोबळ नफा २०१० साली विक्रीच्या ६५ टक्क्यांच्या घरात होता; नुसती जुळणी करणाऱ्यास मात्र शेकडा दोन-तीन रुपये सुटले तरी पुष्कळ. ज्या आयबीएमने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणून या धंद्यास प्रतिष्ठा दिली, तिनेच २००५ मध्ये तो धंदा चीनच्या लेनोव्होस विकून टाकला. इतक्या तुटपुंज्या नफ्यातून दर आणखी उतरवावयाचा, तर काटछाट बॅटरीत, पडद्यात, तपासणीत आणि विक्रीनंतरच्या दुरुस्तीतच होणार.

अनुभवही हेच सांगतो. प्रा. निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये मुलांसाठी शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची घोषणा केली. आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट येथील लहानशा शाळेतही २००७ मध्ये त्याचा प्रयोग झाला. संस्था नफा घेणारी नव्हती. तरीही उत्पादन सुरू होईतो किंमत १८८ डॉलरांवर गेली. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आकाश’ हा टॅब्लेट काढला. त्याची खरेदीकिंमत होती २,२७६ रुपये. त्याचा वेग मंद, बॅटरी अल्पजीवी, पडदा दाबल्यावाचून हलेना. अखेर २०१२ मध्ये ही योजना मुंबईच्या आयआयटीकडे सोपवून सुधारलेला टॅब्लेट काढावा लागला.

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी आपली म्हण आहे. संगणकाच्या दरात वीज गेल्यावर लागणारी बॅटरी, इंटरनेट, दुरुस्ती, सुटे भाग व शिक्षकांचे प्रशिक्षण यांपैकी काहीच धरलेले नसते. निकामी यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तो खर्चही अखेर कोणाला तरी सोसावाच लागतो.

स्वस्ताईस आमचा विरोध नाही. गरिबाच्या मुलाच्या हाती संगणक पडावा, अशीच आमची इच्छा आहे. म्हणूनच महापालिकेने, जिल्हा परिषदेने व खाजगी शिक्षणसंस्थांनी निविदा मागविताना नुसता दर न विचारता पाच वर्षांचा एकूण खर्च विचारावा. हमी किती वर्षांची, दुरुस्ती सोलापुरातच होणार की पुण्यास पाठवावे लागणार, सुटे भाग किती काळ मिळतील, हे लेखी घ्यावे. पैसे कमी असतील तर पन्नास यंत्रांऐवजी तीस घ्यावीत, पण ती चालती राहतील अशी घ्यावीत. धूळ खात पडलेल्या यंत्राची भरपाई पुढील अंदाजपत्रकात होऊ शकेल. त्यापायी वाया गेलेले विद्यार्थ्याचे वर्ष भरून काढण्याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.