वेल्डिंगची चमक: डोळे मिटले म्हणून भागत नाही

सोलापूरच्या नवी पेठेत कुठल्या ना कुठल्या दुकानाचं शटर नाहीतर बोर्डाचा सांगाडा जोडायचं काम निघतंच. वेल्डर एका हातात होल्डर, दुसऱ्या हाताने अँगल धरतो, मान वळवतो, डोळे घट्ट मिटतो आणि टाका मारतो. एवढ्याशा टाक्याला काच कशाला! पण ठिणगी आधी की पापणी आधी, ही शर्यत दर वेळी जिंकता येत नाही. हुकलेले क्षण दिवसभर साठत जातात आणि उघड्या कातडीला चटका बसतो तो वेगळाच.

‘डोळे दिपले नाहीत, म्हणजे काही लागलं नाही,’ हेही खरं नव्हे. दिपवतो तो दिसणारा उजेड. इजा करणारे अतिनील किरण दिसतच नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा, म्हणजे पारपटल, ते शोषून घेतं आणि त्याचा वरचा थर भाजतो. दुखणं मात्र साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतं. मध्यरात्री डोळ्यांत रेती भरल्यासारखं खुपायला लागलं की सोलापूरकर उन्हाला आणि धुळीला शिव्या घालून मोकळा होतो.

फुटपाथवरचा काळा गॉगल तर नकोच. आर्कच्या उजेडापुढे तो फारच फिका, आणि बाजूने सगळं उघडं. बरं, काच जितकी काळी तितकी चांगली, असंही नाही. अडीच-तीन मिलिमीटरच्या रॉडने शंभर अँपिअरच्या आसपास काम चाललं असेल तर दहा किंवा अकरा नंबरची काच पुरते. तेरा नंबर लावला तर जोडच दिसत नाही, मग माणूस काच वर करून बघतो आणि नको ते होतं. गॅस वेल्डिंगची पाच-सहा नंबरची काच मात्र आर्कला कधीही वापरू नये.

आपोआप काळं होणारं हेल्मेट महाग असतं, शिवाय त्यात ‘पहिली चमक आत येतेच’ अशी शंका असते. पण चांगल्या हेल्मेटची काच उजळ असतानाही, अगदी बॅटरी संपलेली असतानाही, अतिनील आणि अवरक्त किरण अडवते. नंतर बदलतो तो फक्त काळेपणा.

अँगल धरून उभा असलेला हेल्पर पोरगा सगळ्यांच्या हिशोबातून सुटतो. त्यालाही काच हवी. पांढऱ्या भिंतीवरून, स्टीलच्या पत्र्यावरून किरण उलटतात, म्हणून पाठ फिरवूनही पूर्ण सुटका नाही. रस्त्याच्या बाजूला आडोसा कराच, पण सोलापुरी चादर टांगू नका, ठिणगीने पेटेल. पत्रा उभा करा.

चमक लागल्यावर बटाट्याच्या चकत्या, कच्चं दूध, गुलाबपाणी हे सगळं निघतं. सोललेल्या पापुद्र्यावर दूध म्हणजे जंतूंना आमंत्रण. मिटलेल्या डोळ्यांवर स्वच्छ, थंड ओला कपडा ठेवा, चोळू नका. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घालत बसणं सर्वात वाईट: दुखणं दबतं, जखम भरत नाही. एरवी एक-दोन दिवसांत पारपटल भरून येतं. त्यापुढेही खुपत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या नेत्रविभागात जा. नजरेच्या मध्यभागी काळा डाग दिसत असेल तर एक दिवसही थांबू नका. आर्ककडे टक लावून पाहिल्याने आतला पडदा भाजतो, तो दुखत नाही, आणि ते नुकसान भरून येईलच असं नाही.