गळ्यावरचा हात : ‘प्रयोग’ नव्हे, जिवाशी खेळ

सर्दी नाही, खोकला नाही, तरी आवाज बसलेला. गिळताना दुखते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके दिसतात. अशा तक्रारी घेऊन विशीतली मुलगी बाह्यरुग्ण विभागात येते, तेव्हा डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : कोणी गळा दाबला होता का?

शरीरसंबंधाच्या वेळी जोडीदाराचा गळा दाबण्याचा प्रकार तरुणांमध्ये पसरत आहे. ऑस्ट्रेलियात १८ ते ३५ वयोगटातील ४,७०२ जणांचे सर्वेक्षण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा तरी असा अनुभव आल्याचे त्यातील ५७ टक्के जणांनी सांगितले. आपल्याकडे या विषयावर बोलणेच अवघड असते. पण अश्लील चित्रफितींतली दृश्ये इथल्या मोबाइलवरही तीच दिसतात. इंग्रजीत त्याला ‘चोकिंग’ म्हणतात, तेही दिशाभूल करणारे आहे. चोकिंग म्हणजे घास श्वासनलिकेत अडकणे. हे मात्र सरळसरळ गळा आवळणे आहे.

शरीरात काय घडते?

‘श्वास चालू आहे ना, मग काही होत नाही,’ हा सर्वांत घातक गैरसमज. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या मानेच्या दोन्ही बाजूंना, त्वचेखाली फारशा खोल नसतात. श्वासनलिका बंद व्हायला जेवढा दाब लागतो, त्याहून कितीतरी कमी दाबाने या वाहिन्या बंद होतात. त्यामुळे श्वास सुरू असतानाही मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. शुद्ध हरपलेली व्यक्ती ‘थांब’ म्हणू शकत नाही. म्हणूनच आधी ठरवलेला इशारा किंवा शब्द इथे भरवशाचा नाही. मानेतील एका संवेदनशील भागावर दाब आल्यास हृदयाची गती एकदम मंदावू शकते, क्वचित ते थांबूही शकते.

धोका तेवढ्यावर संपत नाही. दाबामुळे रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटले, तर तिथे गुठळी तयार होते. ती मेंदूत गेली, तर काही तासांनी, काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही पक्षाघात होऊ शकतो. गळ्यावर वळ नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अमेरिकेत गळा दाबल्याच्या ३०० पोलीस प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या प्रकरणांत बाहेरून कोणतीही खूण दिसली नव्हती. गळा दाबण्याची कोणतीही ‘सुरक्षित’ पद्धत वैद्यकशास्त्राला माहीत नाही.

संमती होती, म्हणून सुटका?

भारतीय न्याय संहितेनुसार जिवाला धोका निर्माण करणारी इजा ही गंभीर दुखापत ठरते. इजा सोसण्यास प्रौढ व्यक्तीने दिलेली संमती कायदा काही प्रमाणात मानतो. पण कृत्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्या संमतीचा आधार मिळत नाही. मृत्यू झाल्यास परिस्थितीनुसार निष्काळजीपणापासून सदोष मनुष्यवध किंवा खुनापर्यंतचा गुन्हा दाखल होऊ शकतो. भीतीपोटी दिलेला होकार ही संमती नव्हे. शरीरसंबंधाला होकार म्हणजे गळा दाबायला होकार, असेही नव्हे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत तर लैंगिक संबंधातील संमतीचा प्रश्नच उरत नाही. तिथे पॉक्सो कायदा लागू होतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जून २०२२ पासून गळा आवळणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. लैंगिक सुखासाठी गंभीर इजेला संमती होती, हा बचाव तिथे चालत नाही. शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींनाही हे माहीत असायला हवे.

काय करावे?

गळा दाबला गेल्यानंतर आवाज बदलणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, मान किंवा डोके दुखणे, चक्कर, अंधारी, मधला काळ न आठवणे, नकळत लघवी होणे, बोलणे अडखळणे, हातापायात अशक्तपणा यांपैकी काहीही जाणवले, तर लगेच रुग्णालय गाठावे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. गरोदर स्त्रीने लक्षणांची वाट पाहू नये. डॉक्टरांना ‘गळा दाबला होता’ असे स्पष्ट सांगावे. त्यावरूनच मानेतील रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करायचा की नाही, हे ठरते.

इच्छेविरुद्ध गळा दाबला गेला असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर मदत मागता येते. घरगुती हिंसाचारात एकदा गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे अमेरिकेतील अभ्यासात आढळले आहे. त्यामुळे ‘रागाच्या भरात झाले’ म्हणून तो प्रकार सोडून देऊ नये.

मुलामुलींशी लैंगिकतेबद्दल बोलताना गर्भनिरोधन आणि संसर्ग यांच्याबरोबर हेही सांगायला हवे. जोडीदाराने आग्रह धरला, तरी ‘गळ्याला हात लावायचा नाही’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आणि समोरच्याने स्वतःहून मागणी केली, तरी नकार देणे हेच शहाणपण आहे.