"आम्हाला काय कळतंय, सर?"

दहावीचा निकाल लागला की पनवेलच्या कुठल्याही शाळेत हे वाक्य ऐकू येतं. सर विचारतात, "पुढं काय ठरवलंय?" आणि पोराच्या मागे अंग चोरून उभा असलेला बाप म्हणतो, "आम्हाला काय कळतंय, सर? तुम्हीच सांगा." सर दोन मिनिटांत सांगतात, बाप मान डोलावतो. अकरावीचा फॉर्म मग सायबर कॅफेवाला भरतो.

कमी शिकलेल्या आईबापांचा मुलांच्या करिअरमध्ये काही उपयोग नाही, हा समज इतका टिकून आहे कारण तो दोन्हीकडे सोयीचा आहे. शाळेचा वेळ वाचतो आणि पालकाच्या डोक्यावरचा भार उतरतो. मधल्या मधे मुलगा अडकतो, पण त्याला कोण विचारतो?

ज्याला 'कळत नाही', तो माणूस कोण आहे हे तरी आधी बघावं. नवी मुंबईसाठी पनवेल-उरणच्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या भूखंडासाठी सातबारा, वारसदाखला, निवाड्याची नक्कल असं सगळं पिशवीत घालून गावोगावच्या कुटुंबांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या कार्यालयात वर्षानुवर्षं खेटे घातले. कुठला कागद आधी लागतो, कुठली मुदत चुकली की काय हातचं जातं, हे त्या घरांत चौथी शिकलेल्या आजोबांनाही तोंडपाठ असतं. अशा माणसाला अकरावीच्या फॉर्ममधला दहा कॉलेजांचा पसंतीक्रम समजणार नाही, असं आपण कुठल्या तोंडानं म्हणतो?

आणि तो क्रम समजावून घेण्यासारखाच असतो. मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २००९ पासून आहे, २०२५ पासून तो अख्ख्या राज्यात लागू झाला. नियम साधा आहे: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यायचा, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. म्हणजे पहिल्या क्रमांकावर काय लिहायचं, हा रोजचा प्रवास, फी आणि घरची ओढाताण यांचा हिशेब आहे. तो घरातच होऊ शकतो, सायबर कॅफेत नव्हे.

"पण अभ्यास कोण घेणार?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये पालकांच्या सहभागावरच्या ५० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यात सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांच्या यशाशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो पालकांनी शिक्षणाचं मोल बोलून दाखवण्याचा, अपेक्षा सांगण्याचा आणि पुढच्या वाटांबद्दल मुलांशी बोलण्याचा. गृहपाठात मदत करण्याचा मात्र तसा फायदा दिसला नाही. हे अभ्यास अमेरिकेतले, तेव्हा ते पनवेलला जसेच्या तसे चिकटवू नयेत हे मान्य. तरी बीजगणित येत नाही म्हणून दहावीच्या मुलाशी बोलायचंच नाही, याला काही आधार उरत नाही.

"पालक येतच नाहीत" ही शाळांची तक्रार खोटी नाही. पण सभा बुधवारी सकाळी अकराला ठेवायची, तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर असलेल्या बापाला रोज बुडवायला लावायचा आणि तो आलाच, तर सगळ्यांदेखत पोराचे गुण वाचून दाखवायचे! पुढच्या वेळी तो का येईल? शिक्षणहक्क कायद्यानं २००९ मध्ये सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. मात्र तो कायदा आठवीपर्यंतचा. शाखा निवडायची वेळ येते दोन वर्षांनी, तेव्हा पालकाला त्या कायद्याची खुर्चीही नसते.

याच्या उलट टोकाचा गैरसमज शिकलेल्या घरांत, खारघर-कामोठ्याच्या टॉवरांत सापडतो: सहभाग म्हणजे निर्णय आपणच घ्यायचा. आठवीतच मुलाला आयआयटीच्या क्लासला घातलं, विषय संपला. तिथं मुलाला विचारायचंच राहून जातं. 'कळत नाही' म्हणणारा बाप निदान ऐकून तरी घेतो.

बाकीचे समज चटकन उरकू.

कलचाचणीत आलं तेच करायचं? राज्यानं २०१६ मध्ये दहावीसाठी आणलेली कलचाचणी सात क्षेत्रांतली आवड मोजायची. आवड म्हणजे कुवत नव्हे, आणि दोन्ही मिळूनही प्रवेश होत नाही.

सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी? गणित सोडलं की सीईटीचा पीसीएम गट गेला, जीवशास्त्र सोडलं की नीट गेली. दारं अकरावीच्या विषयांच्या रकान्यातच बंद होतात.

आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं? दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांबची आहे, पण हातात काम घेऊन चालता येते.

शेवटचा समज अगदी ताजा आणि इथलाच: विमानतळ आला, आता पोरांना नोकऱ्या आपोआप. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचं प्रशिक्षण घ्यायचं तर साधारणपणे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. ज्या घराची भातशेती धावपट्टीखाली गेली, त्या घरातल्या पोराचा फॉर्म सायबर कॅफेत भरला जात असताना हे त्याच्या बापाला कुणी सांगितलेलं नसतं.