नवे विंडोज आणि रुसलेला पडदा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा बंद केली आणि त्या सुमारास घरोघरी संगणकांवर विंडोज ११ चढविण्याची एकच धांदल उडाली. ज्यांचा संगणक नव्या प्रणालीच्या अटींत बसत होता, म्हणजे ज्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय होती आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा होता, त्यांना हा बदल विनामूल्य मिळाला. पण पुष्कळ ठिकाणी असे घडले की, प्रणाली चढली आणि पडदा मात्र रुसला. अक्षरे फुगीर व पुसट दिसू लागली, लॅपटॉपचा उजेड कमी-जास्त होईना, दुसरा पडदा जोडला तर तो काळाच. अशा वेळी घरातील मंडळी संगणक दुकानात नेतात आणि तिथे बहुधा एकच निदान ऐकू येते: "फॉरमॅट मारावा लागेल."

या तीन शब्दांपायी किती कुटुंबांची लग्नकार्यांची छायाचित्रे, वडिलांचे हिशेब आणि मंडळांची सभासद-पत्रके गेली असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या परिचयाच्या एका वाचनालयात वार्षिक अहवालाची जुळणी चालू असतानाच हा प्रसंग आला. टंकलेखन करणाऱ्या गृहस्थांना वाटले, मराठीचा फॉन्टच बिघडला. दुकानदाराने तर नवे कार्ड आणि फॉरमॅट अशी दोन्ही कामे सांगितली. सुदैवाने चिटणीसबाईंनी सही केली नाही. बिघाड फॉन्टचा नव्हता व कार्डाचाही नव्हता. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तेवढा जागेवर नव्हता, आणि तो बसवायला तासाभराहून अधिक वेळ लागला नाही.

हा ड्रायव्हर म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगणे फारसे अवघड नाही. घरात मराठी, कचेरीत कानडी, गुजराती, हिंदी किंवा तेलुगू असा व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. दुभाष्या चांगला नसला की कामाचा कसा विचका होतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ड्रायव्हर हा प्रणाली आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या होय. प्रणालीची बोली बदलली आणि दुभाष्या जुनाच राहिला, की कार्ड धडधाकट असूनही मुके होते.

त्यातही हा दुभाष्या ओसरीवर बसणारा नव्हे. त्याचा वावर थेट माजघरात, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात असतो. त्यामुळे त्याची चूक त्याच्यापुरती राहत नाही, सारे घर ठप्प होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीतील एका सदोष फाइलमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले, विमाने खोळंबली. ते प्रकरण ग्राफिक्सचे नव्हते. पण गाभ्यात चालणाऱ्या आज्ञावलीची चूक केवढ्याला पडते, हे त्यातून दिसले. ग्राफिक्सचेच उदाहरण हवे तर २००७ सालच्या विंडोज व्हिस्टाचे घ्यावे. तिच्याबरोबर ड्रायव्हरांची सारी घडणच बदलली आणि कार्ड बनविणाऱ्यांची तयारी अपुरी पडली. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने नोंदविलेल्या व्हिस्टा कोसळण्याच्या प्रकारांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांशी निगडित होते, असे २००८ साली अमेरिकेतील एका दाव्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. तेव्हापासून घडण पुष्कळच सुधारली आहे. हल्ली कार्ड दोन सेकंदांत उत्तर देईनासे झाले, तर विंडोज स्वतःच ड्रायव्हरला पुन्हा उठवून बसविते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो यामुळेच.

बदलानंतर अक्षरे फुगलेली दिसली, तर प्रथम स्टार्टच्या खुणेवर माऊसचे उजवे बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा आणि 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स' या सदराखाली कोणते नाव आहे ते पाहावे. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' असे दिसले, तर जिवाला घोर लावून घेण्याचे कारण नाही. खरा दुभाष्या सापडेपर्यंत विंडोजने बसविलेला तो बदली कारकून आहे. दोन-चार वाक्यांपुरते त्याला येते, एवढेच. इंटरनेट चालू ठेवून 'विंडोज अपडेट'ला थोडा अवधी द्यावा आणि संगणक एकदा बंद करून चालू करावा. पुष्कळदा योग्य ड्रायव्हर आपोआप येतो आणि प्रकरण तिथेच मिटते.

तो आला नाही, तर हाताने बसवावा लागतो. त्याआधी एक काम मात्र टाळू नये, आणि आमच्या मते या सगळ्या खटाटोपात महत्त्वाचे असे तेच आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक संगणकांवर डिस्क कुलूपबंद केलेली असते. यास 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. दुरुस्तीसाठी संगणक 'सेफ मोड'मध्ये नेताना तो एकाएकी ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती नसेल, तर आतली छायाचित्रे जागच्या जागी असूनही कायमची दुरावतात. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर संगणक सुरू केला त्या खात्यात जमा असते. आणि आपल्या घरांतून ते खाते आजोबांचे नसते, आता पुण्याला किंवा परदेशी असलेल्या नातवाने कधीतरी सुट्टीत उघडलेले असते. तेव्हा त्याला आधी फोन करावा, किल्ली कागदावर उतरवून घेऊन घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, आणि मोलाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. 'सिस्टिम रिस्टोअर'ची सोय पुष्कळ संगणकांवर बंदच असते. तीही चालू करून परतीची एक खूण करून ठेवावी.

मग कार्डाचे नेमके नाव. लॅपटॉपमध्ये पुष्कळदा दोन ग्राफिक्स असतात, एक इंटेलचे किंवा एएमडीचे अंगचे आणि एक एनव्हिडियाचे वेगळे. दोन्हींची नावे टिपून घ्यावीत. लॅपटॉपचा ड्रायव्हर प्रथम लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर शोधावा, कारण उजेड, तापमान व वीजबचत यांसाठी तिने त्यात फेरफार केलेले असू शकतात. टेबलावरच्या संगणकाला एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांचे स्वतःचे संकेतस्थळ पुरे. तुमचे सगळे ड्रायव्हर एका झटक्यात नवे करून देतो म्हणणाऱ्या फुकट आज्ञावल्या जाहिरातींत दिसतात, त्यांना उंबरठ्याबाहेरच ठेवावे. भलताच ड्रायव्हर गळ्यात मारणे आणि वर नको त्या गोष्टी चिकटविणे हा त्यांतल्या बऱ्याच जणींचा धंदा आहे.

एनव्हिडियाचे ड्रायव्हर दोन परींचे मिळतात. 'गेम रेडी' हा खेळ खेळणाऱ्यांसाठी. छायाचित्रे, चलच्चित्रे किंवा छपाईची जुळणी करणाऱ्यांनी 'स्टुडिओ' घ्यावा. नवी फाइल पूर्ण उतरून हाती आल्याशिवाय जुना ड्रायव्हर काढू नये. बसविताना 'क्लीन इन्स्टॉलेशन' ही खूण केली, की जुन्या मांडणीचे अवशेष निघून जातात. एएमडीच्या बसवणीत याच कामासाठी 'फॅक्टरी रिसेट' असतो. काम चालू असताना पडदा एक-दोनदा काळा होईल, लुकलुकेल. त्या वेळी घाबरून वीज तोडणे हाच खरा अपघात. उन्हाळ्यात दुपारी वीज जाणाऱ्या गावी हे काम इन्व्हर्टरवर किंवा भरलेल्या बॅटरीवरच करावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचे एक साधन आहे. जाणकार त्याला डीडीयू म्हणतात. इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये जाऊन ते चालवायचे असते. इंटरनेट अशासाठी तोडायचे, की झाडलोट चालू असतानाच विंडोजने मधेच आपला ड्रायव्हर आणून बसवू नये. साधन उत्तम आहे. पण साध्या उपायाने गुण येत असता त्याला हात लावू नये, असे आमचे मत आहे.

नव्या ड्रायव्हरनंतर पडदा गोठला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबून पाहावीत. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दोन-चार दिवसांनी दोष दिसू लागला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'खाली 'रोल बॅक ड्रायव्हर' असते, त्याने मागचा ड्रायव्हर परत येतो. आणि विंडोज ११ च नको झाले, तर साधारणतः पहिल्या १० दिवसांपर्यंत मागे जाता येते. नंतर जुन्या प्रणालीच्या फाइली पुसल्या जातात. म्हणून पडदा, छपाई, आवाज यांची सगळी पारख या दहा दिवसांतच उरकावी.

जुन्या कार्डांविषयी वाचकांना विशेष चिंता वाटते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांसाठी नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील, असे कंपनीने जाहीर केले आहे. याचा अर्थ ही कार्डे निकामी झाली असा नव्हे. त्यांचा शेवटचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो; पत्रलेखन, चित्रपट, परगावच्या मुलीशी बोलणे यांना तो पुरून उरेल. आणि एरवीही, दरमहा येणारी प्रत्येक नवी आवृत्ती बसविलीच पाहिजे असे नाही. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर अवश्य घ्यावी. नाहीतर चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?

जो ड्रायव्हर नीट चालला, त्याची फाइल मात्र फेकू नये. ती पेन ड्राइव्हवर ठेवावी, आणि आवृत्तीचा क्रमांक व बसविल्याची तारीख त्या किल्लीच्याच कागदावर खाली लिहावी.