पहाटेची पोटदुखी आणि मण्यार

पावसाळा लागला की आमच्या शहापूर-मुरबाड भागातील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांबरोबर सर्पदंशाचे रुग्णही वाढू लागतात. लावणीच्या दिवसांत पाय चिखलात असतात आणि रात्री बिळांत पाणी शिरलेले साप कोरडी जागा शोधत घरात येतात. हे सर्वांना ठाऊक आहे. आज मात्र मला अशा दंशाबद्दल लिहायचे आहे, की जो झाल्याचे रुग्णालाच कळत नाही.

बरीच वर्षे झाली. आषाढातल्या एका पहाटे डोळखांबकडील एका पाड्यावरून बापाने दहा-बारा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घालून आणले. पोटात कळा येत होत्या, दोनदा उलटी झाली होती. रात्री काय खाल्ले ते मी विचारले, पोटदुखीचे इंजेक्शन दिले आणि त्याला बाकावर निजवले. तासाभराने पाहतो तो मुलाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या. बाप म्हणाला, ‘‘जागरण झालंय, झोप आली असंल.’’ मी मुलाला वर बघ म्हटले, तर त्याला पापण्या उचलता येईनात. तेव्हा कुठे मी विचारले, रात्री कुठे झोपला होता? जमिनीवर, पेंढ्याच्या अंथरुणावर. अंगभर शोधूनही दाताची खूण सापडली नाही. ठाण्याला पोहोचेपर्यंत हाताने फुगा दाबून त्याला श्वास द्यावा लागला. पुढे काही दिवस तो कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर होता. मुलगा वाचला, पण तो पहिला तास मी घालवला, हे अजून बोचते.

ही मण्यार. काळी, अंगावर पांढरे आडवे पट्टे, दिवसा सुस्त आणि रात्री चपळ. तिचे दात इतके बारीक की झोपलेला माणूस डास चावला समजून कूस बदलतो. ना सूज, ना रक्त. नागाचे विष मुख्यतः स्नायूवर मज्जातंतूचा निरोप जिथे पोहोचतो ती जागा अडवून बसते. मण्यारीचे विष निरोप पाठवणारे टोकच उद्ध्वस्त करते. एकदा टोक गेले की कितीही लस टोचली तरी ते लगेच उगवत नाही. शरीर ते नव्याने घडवते, त्याला दिवस लागतात आणि तोवर रुग्णाचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. म्हणून मण्यारीच्या बाबतीत वेळेचे मोल फार.

सर्पविषावरील लस, म्हणजे प्रतिविष, घोड्यांच्या रक्तातून तयार होते. फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रुजवली. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. लहान मुलालाही ती मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही! घोणस-फुरशाच्या दंशात रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. मण्यारीत या चाचणीचा उपयोग नाही. पापण्यांकडेच पाहावे लागते.

आता संशोधनाकडे वळू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सर्पदंशाच्या उपचारासाठी आरोग्य यंत्रणा तयार करण्याचा जो प्रकल्प हाती घेतला, त्यात महाराष्ट्रातील दोन तालुके निवडले: गडचिरोलीतील अहेरी आणि आपला शहापूर. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले.

परदेशातली बातमी आणखी नवलाची. एका अमेरिकन गृहस्थाने अनेक वर्षे स्वतःला विष टोचून घेतले व साप चावून घेतले (कोणीही अनुकरण करू नये!). त्याच्या रक्तातील दोन प्रतिपिंडे आणि एक औषध मिळून केलेल्या मिश्रणाने नाग-मण्यारीच्या कुळातील १९ पैकी १३ जातींच्या विषापासून उंदरांना पूर्णपणे वाचवले, असे २०२५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले. घोणस-फुरशांचे कूळ वेगळे, त्यांच्यावर ते नाही. शिवाय उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो. त्या बातमीवर विसंबून यंदाचा पावसाळा काढता येणार नाही.

मला त्याहून उपयोगाचे वाटते ते नेपाळमधील साधे संशोधन. तिथे तराई भागात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश पुष्कळ कमी आढळला. मच्छरदाणीच्या कडा मात्र अंथरुणाखाली नीट खोचलेल्या हव्यात. तिथल्याच काही गावांत लोकांना माहिती देऊन, रुग्णाला मोटारसायकलने झटपट नेण्याची सोय केली, तेव्हा दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १०.५ वरून ०.५ वर आले.

तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, घशात अडकल्यासारखे होणे अशी तक्रार करू लागला, तर पापण्या पाहाव्यात आणि डॉक्टरला ‘हा खाली झोपला होता’ हे आधी सांगावे. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, भगताकडे वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. पण पाड्यापर्यंत गाडी पोहोचत नसेल तर मोटारसायकल काढावी, रुग्णाला मधे बसवावे, मागे एकाने त्याला घट्ट धरावे आणि लस असलेल्या सरकारी रुग्णालयाकडे निघावे.