रुईवरचे बिऱ्हाडकरू

रुई म्हटली की आपल्याला शनिवारचा मारुती आठवतो. तिचीच एक परदेशी बहीण, मूळची अमेरिका खंडातील हळदीकुंकू, आता आपल्या बागांतून दिसते. दोघींचेही पान तोडले की पांढरा चीक येतो. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषे असतात, म्हणून गुरेढोरे सहसा त्यांना तोंड लावीत नाहीत. तरीही या झाडांवर कीड पडतेच. हे कसे, याचे मला मोठे कुतूहल वाटले.

सर्वांत अधिक दिसतो तो पिवळाधमक मावा. काळ्या पायांचे हे चिमुकले कीटक कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसून रस शोषतात. माद्या नराविनाच थेट पिल्ले प्रसवतात, त्यामुळे बघता बघता शेंडा झाकून जातो. गर्दी वाढली की पंखवाल्या माद्या जन्मतात आणि दुसऱ्या झाडावर बिऱ्हाड हलवितात. माव्याने टाकलेल्या गोड, चिकट द्रवासाठी मुंग्या जमतात. त्याच द्रवावर पुढे काळी बुरशी धरते.

दुसरा भाडेकरू म्हणजे निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नाकतोडा. देखणा, पण भलताच खादाड! त्याच्या पिल्लाला चिमटीत धरले तर ते द्रवाची चिळकांडी उडविते.

तिसरी प्लेन टायगर फुलपाखराची अळी. अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या.

या मंडळींना रुईचे विष बाधत नाही. उलट ते अंगात साठवून शत्रूला दूर ठेवण्याची विद्या यांच्यापैकी अनेकांना साधली आहे. भडक रंग ही जणू दारावरची धोक्याची पाटी! एकदा कडू चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी तर विषारी नसतानाही प्लेन टायगरचे रूप घेऊन वावरते.

आता प्रश्न बागेचा. मावा दिसताच आपण औषध फवारतो. त्याने मावा मरतो, पण माव्याला खाणारे ढालकिडे आणि फुलपाखराच्या अळ्याही मरतात. त्यापेक्षा पानांखालची अंडी-अळ्या पाहून घ्याव्यात आणि मावा तेवढा पाण्याच्या धारेने धुऊन काढावा. चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नये. अळीने खाल्लेले झाड पुन्हा फुटते. फुलपाखरू हवे असेल, तर चार पाने कुरतडलेली चालवून घ्यायला आपण शिकले पाहिजे, असे मला वाटते.